फाइल आठवड्याची लावा, विषयाची नको

होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणाऱ्या घरांत हल्ली पाहुण्यांना आधी कपाट दाखवतात. गणिताची निळी फाइल, विज्ञानाची हिरवी, मराठीची भगवी, पाठीवर छापील लेबलं, सगळ्या एका उंचीच्या. फोटोत फारच झकास दिसतं. नव्याने सुरुवात करणारे पालकही मेसेज करतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, "फाइल्स कुठल्या घ्यायच्या?" शिकवायचं काय, ते बरंच नंतर.

तर मंडळी, माझं मत सांगतो. घरात विषयवार फाइल लावू नका. आठवडावार लावा.

शाळेत विषयवार वही लागते, कारण तिथे प्रत्येक विषयाला वेगळ्या बाई, वेगळा तास, आणि तपासायला गठ्ठाही वेगळा जातो. आमच्या घरी गणिताचे, इतिहासाचे आणि चित्रकलेचे मास्तर मीच, आणि मधल्या सुट्टीत कुकर लावणाराही मीच. (बायको नोकरीला जाते, मी घरून काम करतो, म्हणून हा विभाग माझ्याकडे.) विषयवार फाइल लावली की दिवाळीपर्यंत गणिताची टम्म फुगते आणि भूगोलाची आडवी पडून राहते. मग आईबापाला घोर लागतो, आणि त्या घोरापायी एका दुपारी पोराच्या पुढ्यात भूगोलाच्या वर्कशीटची चळत येते. पोराला भूगोल हवा असतो की नाही कुणास ठाऊक, फाइलला मात्र नक्की हवा असतो.

शिवाय घरातलं शिकणं विषयांत मावत नाही. आमच्या थोरलीने या पावसाळ्यात पर्जन्यमापक केला. प्लास्टिकची बाटली वरून कापली, कापलेला भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवला. बाटलीचा तळ खालून खळग्यांचा असतो, म्हणून ते खळगे बुडेपर्यंत आधी पाणी ओतलं आणि त्या पातळीला शून्याची खूण केली. तिथून वर पट्टी चिकटवली. रोज सकाळी नोंद, रविवारी आलेख. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे आलेखाचा कागद दोनदा खाली जोडावा लागला. एका रात्री बाटली भरून वाहिली, तर तिने त्या दिवसाच्या चौकटीत आकड्याऐवजी "माहीत नाही, खूप" असं लिहिलं. हा कागद आता गणितात घालू, भूगोलात की विज्ञानात? आठवड्याच्या फाइलमध्ये हा प्रश्नच येत नाही. तो आषाढातल्या त्या आठवड्यात जातो, त्याच आठवड्यातल्या शुद्धलेखनाच्या आणि बेडकाच्या चित्राच्या शेजारी.

आमची मांडणी अगदी साधी आहे. दोन मुलं, प्रत्येकाला एक पाकिटांची फाइल, म्हणजे ती अकॉर्डियनसारखी उघडणारी. तिच्या पाच कप्प्यांवर सोमवार ते शुक्रवार. रविवारी संध्याकाळी तिघं बसून ती भरतो. कप्पा रिकामा झाला की त्या दिवसाचं काम संपलं, मग अकरा वाजले असोत की चार. मुलाला घड्याळापेक्षा रिकामा कप्पा लवकर कळतो. झालेले कागद एका बॉक्स फाइलमध्ये, आणि महिनाअखेरीस त्यातले निवडक रिंग बाइंडरमध्ये. वह्या मात्र बाहेरच. मराठीला दुरेघी, इंग्रजीला चौरेघी आणि गणिताला चौकटीची, हे आजीच्या काळापासून चालत आलंय आणि त्यात सुधारणा करण्यासारखं मला काही सापडलेलं नाही. सुट्या कागदावर उभी मांडणी करताना धाकट्याचे दशक-एकक एकमेकांच्या अंगावर पडतात. चौकटीत ते गप आपापल्या घरात राहतात.

शुक्रवारी कप्प्यात काही उरलं तर? दोनच पर्याय. गरजेचं असेल तर पुढच्या आठवड्यात, नाहीतर सरळ रद्दीत. "राहिलेलं काम" नावाचा वेगळा कप्पा कुणी कितीही सुचवला तरी ठेवू नका. तो कधीच रिकामा होत नाही, आणि मुलं त्याच्याकडे कर्जदारासारखी बघतात.

इंटरनेटवरचे सल्ले बहुतेक अमेरिकेतले असतात, हे वाचताना ध्यानात ठेवायला हवं. तिकडची एक लोकप्रिय पद्धत म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच ३६ फोल्डर भरून ठेवायचे, आठवड्याला एक. तिकडे बऱ्याच राज्यांत शाळेचं वर्ष १८० दिवसांचं, म्हणून ३६. काही राज्यांत कायद्यानेच कागद सांभाळावे लागतात. पेनसिल्व्हेनियात होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांना मुलाच्या कामाचे नमुने आणि वाचनाची नोंद ठेवून वर्षाअखेरीस मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्यांची फाइल ही त्यांची गरज आहे. आपल्याकडे चौदा वर्षांपर्यंत कुणी कपाट तपासायला येत नाही. आलेच तर नातेवाईक येतात, आणि त्यांना फाइल बघायची नसते, "मग परीक्षेचं काय?" एवढंच विचारायचं असतं. कोकणात ३६ आठवडे आधीच भरून ठेवणारा माणूस एकतर फार आशावादी असावा नाहीतर त्याच्याकडे गणपती येत नसावेत. आधी भरायचेच तर चार आठवडे भरा. त्यापुढचं तुमचं तुम्हालाच माहीत नसतं.

आणखी एक, त्यांची वर्कशीट लेटर साइजच्या कागदासाठी केलेली असतात. लेटर आपल्या ए-फोरपेक्षा किंचित रुंद आणि आखूड. छापताना "फिट टू पेज" केलं नाही तर कडेची अक्षरं कापली जातात. त्यांचे तीन रिंगांचे बाइंडर शोधत फिरू नका, आपल्याकडचं पंचिंग मशीन दोन भोकांचं असतं. दोन रिंगांचा घ्या, कागद जास्त झाले की भोकं फाटतात, तेव्हा गोल स्टिकर लावा. झालं.

भोकं मात्र मुलांना पाडू द्या. माझा यावर फार भर आहे. कागद मधोमध दुमडायचा, पूर्ण घडी न घालता फक्त कडेला चिमटीने खूण करायची, ती खूण मशीनवरच्या बाणासमोर धरायची आणि दाबायचं. धाकट्याला "अर्धा" ही गोष्ट अपूर्णांकाच्या धड्याआधी पंचिंग मशीनने शिकवली. खालच्या झाकणात साठणाऱ्या टिकल्या तो डबीत जमवतो, कशासाठी ते अजून गुपित आहे. वेडीवाकडी पडली भोकं तर पडू देत. फाइल आपण लावली की मुलाचा आणि तिचा संबंध संपतो. मग "तुझा तो होडीवरचा निबंध कुठेय?" याचं उत्तर "बाबांना विचारा" असं येतं.

महिनाअखेरीची निवडही त्यांचीच. बाइंडरमध्ये काय जाणार ते मूल ठरवतं, आणि का ते मागे पेन्सिलने एका ओळीत लिहितं. आमच्या घरी यावर सर्वांत जास्त भांडण आजीशी होतं. तिला सगळंच ठेवायचं असतं. थोरलीने एकदा नीटनेटकं, एकही चूक नसलेलं शुद्धलेखन रद्दीत टाकलं आणि खाडाखोड केलेला भागाकार ठेवला. मागे लिहिलं होतं, "इथे मला कळलं." आजी दोन दिवस कुरकुरत होती. माझं मत नातीच्या बाजूने.

ठेवलेल्या कागदांबद्दल मात्र आजीचं ऐकावं. प्लास्टिकची पारदर्शक पाकिटं कोकणात पावसाळ्याचा मुक्काम काढत नाहीत. दमट हवेत छापील शाई पाकिटाला चिकटते, आणि कागद ओढून काढला की अर्धा धडा प्लास्टिकवर राहतो. स्टेपलच्या पिना गंजून कागदाला तांबूस डाग पडतात. म्हणून आम्ही वर्ष संपलं की बाइंडर रिकामा करतो, पिना काढतो, कागद सुती कापडात बांधतो आणि आत वेखंडाचा तुकडा टाकतो. पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालात बांधून टिकले, तर आमच्या धाकट्याचे पाढेही टिकतील. बाइंडर पुढच्या वर्षी पुन्हा वापरायला मोकळा.

सुटे कागद हवेतच कशाला, पुस्तकातच लिहू दे, असंही कुणी म्हणतं. सरकारनेही ते करून बघितलं. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकं चार भागांत आली आणि धड्यांना "माझी नोंद"ची कोरी पानं जोडली. मुलं तरीही वह्या नेतच राहिली, आणि २०२५ मध्ये ती पानं रद्द झाली. पण धडा आणि त्यावरचं लेखन एकत्र असावं ही कल्पना घरी उत्तम चालते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्या आठवड्याचा तेवढाच धडा छापायचा आणि मुलाचे कागद त्याच्या मागे लावायचे.

एका ठिकाणी मात्र माझा नियम चालत नाही. माझा भाचा एनआयओएसमधून दहावी देतोय. १९८९ मध्ये सुरू झालेली ही केंद्राची मुक्त शाळा, दहावीला बसायला वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत. तिथे प्रत्येक विषयाला टीएमए असतात, म्हणजे घरून लिहून द्यायचे स्वाध्याय, आणि त्यांना २० टक्के गुण. मुदत ठरलेली. तिथे विषयवारच फाइल हवी. प्रत्येक विषयाची वेगळी, पहिल्या पानावर मुदत ठळक, जमा केलेल्याची प्रत आणि पोच मागे. आमच्या ताईने त्याला पाच विषयांच्या पाच साध्या लेस फाइली आणून दिल्यात, त्या पुरतात. राज्य मंडळाकडून १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांनीही अर्जाची प्रत, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत, मुलांच्या चित्रांत नव्हेत. ही फाइल आईबापाची. तिला मुलांनी भोकं पाडायची नाहीत.

पण ही वेळ तेराव्या-चौदाव्या वर्षी येते. सात वर्षांच्या पोरासाठी आठ रंगांच्या फाइली घेणाऱ्यांनी ते पैसे चांगल्या रंगपेट्यांवर घालवावेत.

बाइंडरच्या रिंगांना गंज धरू नये म्हणून कुणी काही करत असेल तर खाली लिहा. मशीनचं तेल लावून बघितलं, कागदांना वास आणि डाग दोन्ही आले.