मचाणावर बसल्यावर मी बाण केव्हा सोडत नाही

मी धनुष्याने रानटी डुकरांची शिकार करते, त्यावरून गणपतीच्या जेवणाला मंडळात दोन जणांनी मला एकाच वेळी धरलं. एक जण म्हणाले ताई तुम्ही मुक्या जनावराला बाण मारता, हात कसा होतो तुमचा. दुसरा त्यांच्याच शेजारी बसलेला मुलगा म्हणाला ताई धनुष्य काय घेऊन बसता, अंधारात दिसणारी थर्मल दुर्बीण लावलेली रायफल घ्या, एका रात्रीत वीस पाडाल. मी वाढत होते, हातात वरणाचं भांडं, तेव्हा काही बोलले नाही. पण दोघांनाही उत्तर द्यायचंय आणि ते दोन ओळीत होणारं नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आधी कुठे आणि काय ते सांगते. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोपासून पश्चिमेला दीड तासावर, सबिनल नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी ओळखीच्या एका आजोबांचं रँच आहे. ओढ्याकाठी पिकानची आणि लाइव्ह ओकची जुनी झाडं, वरती सगळं मेस्कीट आणि सीडरचं काटेरी रान. आजोबा थंडीत गुरांसाठी ओट्स पेरतात. एका रात्रीत डुकरांचा कळप त्यात शिरला की सकाळी तिथे ट्रॅक्टर फिरवल्यासारखी ढेकळं पडलेली असतात, आणि हे मी स्वतः उभं राहून बघितलंय. टेक्ससमध्ये अशी २६ लाखांच्या आसपास डुकरं असावीत असा अंदाज आहे. ही इथली मूळची नाहीत. १५३९ मध्ये स्पॅनिश सरदार डी सोटो फ्लोरिडात उतरला तेव्हा खायला म्हणून डुकरं घेऊन आला होता, स्पॅनिश लोकांची अशी सुटलेली डुकरं पसरत गेली, आणि १९३० च्या दशकात काही जणांनी शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून इथे सोडली, ती या पाळीव डुकरांत मिसळली. म्हणजे माणसानेच केलेलं आहे हे. आता डुकरीण ११५ दिवसांच्या आसपास गाभण राहते, एका वेताला चार ते सहा पिल्लं, कधी जास्त, आणि ती पिल्लं वर्षाची व्हायच्या आत स्वतः विऊ शकतात. म्हणून इथे कायदा एकदम सैल आहे. २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर डुकरासाठी लायसन्ससुद्धा लागत नाही, रात्री लाइट लावून मारता येतं, बारा महिने. २०११ च्या कायद्याने तर हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायलाही परवानगी आहे.

आणि माझं म्हणणं नेमकं इथेच सुरू होतं. कायदा काहीच अडवत नाही, तेव्हा अडवायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

माझं मचाण १५ फुटांवर आहे, शिडीचं, एका लाइव्ह ओकला पट्ट्यांनी आवळलेलं. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी हार्नेस, म्हणजे अंगावरचा सुरक्षेचा पट्टा, दोरीला अडकवायचा, वर बसल्यावर नाही, कारण माणूस पडतो तो बहुतेक चढता उतरताना आणि अंधारात पाठीवर पडलं की हाक ऐकायलाही कोणी नसतं. धनुष्य खालीच ठेवायचं, मग वर बसून दोरीने ओढून घ्यायचं, बाण भात्यात. समोर १७ यार्डांवर मका टाकलेला असतो, आठ दिवस पाण्यात आंबवलेला. त्याला असा वास सुटतो की माझं डोकं उठतं, पण हरणं आणि रॅकून त्याच्या वाटेला कमी जातात आणि डुकरं लांबून येतात. वर खांबाला मंद हिरवा दिवा, तो हळूहळू उजळत जातो म्हणून डुकरं बिचकत नाहीत. डोळे त्यांचे तसे कमजोरच असतात, नाक मात्र विलक्षण. त्यामुळे सगळा खेळ वाऱ्याचा. आणि नुसता फोनमध्ये दाखवतो तो वारा नाही बरं का, दिवस मावळला की गार हवा जड होऊन उतारावरून ओढ्याकडे उतरायला लागते आणि तुमचा वास त्याच्याबरोबर खाली जातो, म्हणजे डुकरं ओढ्यातून वर येणार असतील तर तुम्ही अंगाला कितीही काही चोळलंत तरी उपयोग नाही, मचाणच चुकीच्या जागी आहे. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

ती रात्र कशी असते ते सांगायला मला फार आवडतं खरं तर. आधी रॅकून येतात, भांडतात. मग शांत. मग लांबून एखादी काटकी मोडते, पिल्लांचा किकाट ऐकू येतो, डुकरिणीचा खालच्या आवाजातला घुरघुराट, आणि अचानक खाली दिव्यात दहा बारा पाठी हलत असतात. माझ्या छातीचे ठोके मलाच ऐकू येतात. एकटा मोठा नर असेल तर तो सगळ्यात शेवटी येतो, कधी रात्री एकनंतर, आणि येताना अजिबात आवाज करत नाही.

आता बाणाचं. माझं कंपाउंड, म्हणजे चाकांचं, धनुष्य ओढायला ४५ पाउंडांचं, त्याहून जास्त मला नीट ओढता येत नाही. बाण ४८० ग्रेनचा (साधारण ३१ ग्रॅम), जड मुद्दामच, आणि पुढे दोन पात्यांचा पक्का ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार टोक. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं हरणापेक्षा खाली आणि पुढे असतात, पुढच्या पायाच्या अगदी वर. हरणासारखा खांद्याच्या मागे नेम धरला की बाण पोटात जातो आणि ते जनावर कित्येक तास तडफडतं. शिवाय जुन्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखी जाड ढाल असते, दोन नर एकमेकांना सुळे मारतात त्यापासून वाचायला, ती माझ्या ४५ पाउंडांना भारी आहे. म्हणून मला एकच शॉट आहे: डुक्कर माझ्यापासून तिरकं, तोंड पलीकडे करून उभं हवं, जवळचा पुढचा पाय पुढे टाकलेला हवा, अंतर १८ यार्डांच्या आत हवं, आणि बाकीची डुकरं त्याच्या मागे नकोत. फार जवळ आलं तरी नको, अगदी मचाणाखाली असेल तर बाण इतका उभा जातो की एकच फुप्फुस लागतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. तिसऱ्या वर्षी एक नर आला, १६ यार्ड, मला वाटलं मिळालंच. अर्धा आडवा उभा होता, पूर्ण तिरका नव्हता, आणि मी दोन महिने रिकामी परत जात होते त्याची चीड मनात होती. सोडला बाण. डुकराच्या पाठीवरचं ते उंच केसांचं कुबड फसवतं, मणका त्याच्या बराच खाली असतो, माझा बाण वर लागला. तो ओरडला आणि सीडरमध्ये घुसला. डुकराचं रक्तही लवकर जमिनीवर पडत नाही, चरबीने जखमेचं तोंड बुजतं आणि राठ केस रक्त पिऊन घेतात. आम्ही तासभर थांबून रात्री तीनपर्यंत शोधलं, मी आणि रँचवरचे आजोबा, गुडघ्यांवर, एकेक पान उलटं करून. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाण मिळाला, अर्ध्यापर्यंत चरबीने माखलेला. तो नर मिळाला नाही. आजोबा काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला आजही आठवतं.

त्या दिवसापासून वर सांगितलेला तो एकच शॉट ठरलाय. त्यानंतरच्या ३१ रात्रींत मी सहा बाण सोडलेत, सहा डुकरं मिळालीत, एकही ६० यार्डांपलीकडे गेलं नाही. बाकीच्या २५ रात्री मी धनुष्य खाली दोरीने सोडलं आणि घरी आले. त्यातल्या निम्म्या वेळा डुकरं समोर होती.

त्यामुळे हात कसा होतो विचारणाऱ्या काकांना माझं उत्तर, की काका, बहुतेक वेळा होत नाही. होतो तेव्हा ते जनावर पूर्ण वापरलं जातं. ३०-४० किलोची मादी मिळाली तर मांस सगळ्यात छान, मालवणी मसाला आणि कोकम घालून मंद शिजवते, आत ७१ अंश सेल्सियस झाल्याशिवाय उतरवत नाही. कापताना ग्लोव्ह्ज घालतेच, या डुकरांमुळे माणसाला ब्रुसेलोसिस होऊ शकतो, उघड्या हाताने आतडी काढणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते.

आणि वीस पाडाल म्हणणाऱ्या मुलाला. बाळा, वीस पाडून शेतकऱ्याचा प्रश्न सुटतो हा गैरसमज आहे, आणि माझ्या एका बाणाने सुटतो असं तर मी चुकूनही म्हणणार नाही. संख्या आहे तेवढीच ठेवायची असेल तरी दर वर्षी साधारण दोन तृतीयांश डुकरं कमी करावी लागतात. ते होतं गोल कुंपणाच्या ट्रॅपने, सगळा कळप आत आला की फोनवरून दार पाडायचं. चार मारली की उरलेली शहाणी होतात आणि शेजारच्या रानात पसरतात. टेनेसीने १९९९ ला सगळ्या राज्यात डुकराची शिकार खुली केली तर डुकरं कमी व्हायच्या ऐवजी वाढली, कारण लोकांनीच शिकारीसाठी ती गाडीत घालून नव्या ठिकाणी नेऊन सोडली, शेवटी २०११ ला त्यांना नियम फिरवावे लागले. मिझुरीनेही २०१६ ला आपल्या संरक्षित जमिनींवर डुकराची शिकार बंद केली, कारण शिकारी ट्रॅपचं काम बिघडवत होते. म्हणून ओट्सच्या शेतात आजोबांचा ट्रॅप लागला असेल त्या आठवड्यात मी मचाणाकडे फिरकत नाही. तो ट्रॅप शेतासाठी आहे. माझं धनुष्य माझ्या घरातल्या जेवणासाठी आहे. हे दोन वेगळे विषय आहेत आणि ते एकत्र करून "मी शेतकऱ्याची मदत करते" असा फोटो टाकणं मला खोटेपणा वाटतो.

मला डुकराने उद्ध्वस्त केलेलं शेत लहानपणापासून माहितीये. राजापूर तालुक्यात आमच्या आबांचा भाताच्या कडेला माळा होता, चार खांबांवर, वर पेंढा. दिवाळीच्या आसपास भात पिकलं की राखणीला बसायचं, कंदील, पत्र्याचा डबा आणि काठी. मी आठ वर्षांची असताना एक रात्र हट्टाने गेले होते. बाय, झोप आता, आबा म्हणत होते आणि मी झोपत नव्हते, आणि पहाटे दोघांचाही डोळा लागला तेव्हाच डुकरं आली. सकाळी आबा आडवी झालेली लोंबी एकेक करून सुपात गोळा करत होते. आता तो कोपरा पड आहे, डुकरं आणि वानरांमुळे गावात अर्ध्या लोकांनी शेती सोडली. तिथे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी काढावी लागते, आणि तिची वाट न बघता कोणीतरी फासकी लावतं आणि त्यात बिबट्या अडकून मरतो. फासकीला नेम नसतो. ती जे येईल त्याला धरते. मला तिचा राग येतो तो याच कारणासाठी, आणि अंधारात ४० यार्डांवरच्या काळ्या ठिपक्यावर बाण सोडणाऱ्याचाही त्याच कारणासाठी येतो. इथे टेक्ससच्या आमच्या भागात जॅवेलिना आहेत, अंधारात डुकरासारख्याच दिसतात, पण तो वेगळा प्राणी आहे आणि त्यांना रात्री मारणं गुन्हा आहे. शेपूट, मानेवरचा फिकट पट्टा, अंगाचा आकार, हे दिसल्याशिवाय बोट रिलीजवर, म्हणजे बाण सोडायच्या चापावर, जाताच कामा नये.

ज्या मुलांनी नवीन धनुष्यं घेतलीत आणि मला मेसेज करतायत की ताई एकदा न्या, त्यांना सांगते. आधी उंचावरून नेम मारायची प्रॅक्टिस करा, अंगणात सपाट जमिनीवर कितीही भारी मारत असाल तरी. वरून मारताना हात खाली करायचा नसतो, कमरेतून वाकायचं असतं, नाहीतर बाण वर जातो. अंधारात, जाड जॅकेट घालून, दोन तास गारठून बसल्यावर पहिला बाण कुठे लागतो ते बघा. तोच खरा आकडा, दहावा बाण नाही. तो पाच दिवस लागोपाठ वाटीएवढ्या गोलात बसला की मला कळवा, मी स्वतः आजोबांना विचारेन.

या शनिवारी कोणी येतो म्हणालात तरी मी जात नाहीये. उत्तरेचा वारा येतोय, माझं मचाण दक्षिणेच्या वाऱ्यासाठी लावलेलं आहे. आजोबांच्या ट्रॅपचं एक पॅनल वाकलंय, ते सरळ करायला सकाळी जाणार आहे, दोन माणसं लागतील.