प्रभुभोजन कुणाला द्यायचं, हे आता व्हॉट्सअ‍ॅपवर ठरणार का?

आज प्रभुभोजनाचा रविवार, म्हणजे पाळक (आमचे धर्मगुरू) येशूच्या आठवणीसाठी भाकर आणि द्राक्षरस देतात तो. उपासनेहून घरी येऊन कुकर लावते तोवर चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर मेसेज : "अशा माणसांना प्रभुभोजन देण्याआधी पाळकांनी विचार करावा." खाली आमेन, आमेन, जोडलेले हात. नाव कुणी घेतलं नव्हतं, घ्यायची गरजही नव्हती. महिला मंडळाच्या भिशीचे पैसे खाऊन तुरुंगात जाऊन आलेला माणूस आज पहिल्यांदा चर्चला आला. मागे बसला. त्याच्या बाकावरच्या दोघी उठून पुढे गेल्या, मी पाहिलं.

ज्यांचे पैसे बुडाले त्यांचा राग खरा आहे, मान्य. कोर्टात केस चालू द्या, पै न् पै वसूल करा. पण प्रभूच्या मेजावरून, म्हणजे प्रभुभोजनावरून, उठवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? 'अयोग्य रीतीने' खाण्याबद्दलचं प्रेषित पौलाचं वचन लगेच फॉरवर्ड झालं, करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच्या पत्रातलं, १ करिंथ ११. त्याच्या पुढचं वचन कोण वाचणार? माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग भाकर खावी. शेजाऱ्याची परीक्षा घ्या असं कुठे म्हटलंय? आणि करिंथच्या लोकांना पौल कशावरून झापतोय तेही बघा. पोटभरले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, यावरून.

माझे मामा गिरणीत होते. १९८२च्या संपात नोकरी गेली आणि मामा दारूत बुडाले. मामीचं मंगळसूत्र विकलं, हे अख्ख्या चाळीला माहीत. नंतर एका रविवारी ते चर्चला आले, शेवटच्या बाकावर बसले, प्रभुभोजनाला पुढे गेले नाहीत. तेव्हाचे आमचे पाळक ताट घेऊन खाली उतरले, सगळ्यांच्या मधून चालत मागे गेले. मामांचा हात असा थरथरत होता की द्राक्षरस बाहीवर सांडला. पाळकांनी दुसरा पेला पुढे केला. बोलले काहीच नाहीत.

लोक विचारतात, मग दारू सुटली का? लगेच नाही सुटली. पण सुटल्यावर ये, असं पाळक म्हणाले नाहीत. लूकच्या शुभवर्तमानातला, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला जकातदार जक्कय आठवा, लूक १९. उंबराखाली थांबून प्रभू म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. तेव्हा जक्कयाने एक दमडीही परत केली नव्हती. चौपट देतो हे तो नंतर म्हणाला. आणि तेव्हाही लोक कुरकुरलेच!

कृपा म्हणजे पाप करायचा परवाना नाही, हेही खरं. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय, असं विचारून पौलच रोम ६ मध्ये 'कधीच नाही' म्हणतो. बरं. मग आपलं काय? बहिणीचं नाव घराच्या कागदातून उडवणारे, पोरीचं स्थळ आलं की 'मूळचे कोण?' विचारणारे आपण. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी जात विचारतो! आणि प्रभुभोजनाला ताठ मानेने पुढे. 'सर्वांनी पाप केले आहे' हे संडे स्कूलपासून पाठ. त्या 'सर्वांनी'मध्ये आपण नाही वाटतं? प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचा हातसुद्धा शेवटच्या भोजनाच्या रात्री मेजावर होता, लूकनेच लिहिलंय.

केडगावला पंडिता रमाबाईंनी समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन काढलं. रमाबाईंवर भाषणं ठेवतो आपण, टाळ्या वाजवतो.

हे लिहिताना मामी डोळ्यांपुढे येतेय. त्या रविवारी ती पुढच्या रांगेत होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. मामांना जेवायला वाढायची, पण बोलणं सुरू व्हायला कितीतरी वर्षं गेली. लहानपणी मला ती कठोर वाटायची. आता नाही वाटत. देवाने मामांना जवळ केलं म्हणून मामीनेही त्याच दिवशी करावं, असं तिला सांगणारे आपण कोण? पाळकांनीही तिला कधी सांगितलं नाही. भिशीतल्या बायकांनो, तुम्हालाही कुणी सांगू नये. पण मेज तुमचं नाही, माझंही नाही. प्रभूचं आहे.

अ‍ॅडमिननी तो मेसेज आज काढावा. नाही काढला तर मी पाळकांना जाऊन भेटणार. आणि पुढच्या रविवारी तो आला तर मी त्याच्याच बाकावर बसणार, कुणाला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. त्या भिशीत माझ्या वहिनीचेही पैसे अडकलेत. तिला विचारूनच हे लिहिलंय. ती म्हणाली, "मी पैसे मागणारच. पण त्याला प्रभुभोजनावरून उठवायचं असेल तर माझं नाव सांगून उठवू नका."