वांग्याचे पैसे, गाण्याचे पैसे

आमच्या मंडळात माणसं चार. पेटीवर मी, ढोलकीवर नाना, डफावर शिंपीकाका आणि गायला पाटील सर. निवृत्त झाल्यापासून सर काळी चार या चढ्या पट्टीच्या खाली येतच नाहीत. धुळे-जळगावच्या मधल्या आमच्या गावाजवळच्या एका ढाबेवाल्याने सुचवलं, ‘‘शनिवारी संध्याकाळी भरीत-पुरी ठेवतो, तुम्ही खानदेशी गाणी म्हणा.’’ मानधन म्हणून भरीत, पाहिजे तितकं. एवढ्या मानधनावर नाना धुळ्यापर्यंत पायी जाईल.

लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते म्हणून अर्ज आणला. त्यात अपेक्षित जमाव, वाहनतळ, स्वयंसेवकांची संख्या, आग विझवायची सोय असे रकाने. नानाने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘‘भाऊ, ह्या अर्जमा मी कथा (कुठे) बसू?’’ मी त्याला जमावात बसवलं.

मग परवानगी देणाऱ्या साहेबांनी ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम समजावले. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. सरांचं नुसतं खाकरणं यात बसत नाही. नानाने तोडगा काढला, माईकच नको. पण 2010 साली दुरुस्ती झाली आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाजवायला बंदी असलेल्यांत वाद्यंही आली. म्हणजे माझी पेटी, जिचे दोन सूर पावसाळ्यापासून मुके आहेत, तीसुद्धा. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, हेही कळलं. तालुक्याच्या गावात तिन्ही एकाच रस्त्यावर असतात. त्याच रस्त्याने वराती जातात तेव्हा दवाखान्याच्या काचा ताल धरतात, पण ते मी मनातच म्हटलं. अर्ज अजून त्यांच्या हातात होता.

सर दोन गाण्यांमध्ये किस्से सांगतात, हे शिंपीकाकांनी उगाच कौतुकाने सांगितलं. साहेब म्हणाले, ‘‘मग ते नाटकात मोडतं का बघावं लागेल. संहिता आहे? ती तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र?’’ सरांना पुढचा किस्सा ऐन वेळी सुचतो, कधीकधी मागचा विसरल्यावर. त्यांनी त्या दिवसापुरतं मौन पत्करलं. आमच्या मंडळाला पहिल्यांदाच कायद्याचा फायदा झाला.

खरा पेच गाण्यांच्या हक्कांचा. ज्यांच्या कविता आम्ही गातो त्या बहिणाबाई चौधरी 1951 साली गेल्या, कविता पुस्तकात आल्या 1952 साली. त्यावर 60 वर्षं उलटली, शब्द मोकळे झाले. पण ज्या चालीवर लोक डोलतात ती नंतरच्या संगीतकाराची, तिचा हिशेब वेगळा. शब्द आपले, चाल परक्याची. सर म्हणाले, ‘‘मी स्वतःची चाल लावतो.’’ आम्ही तिघं एकदम म्हणालो, ‘‘परवाना काढू.’’

मग ढाबेवाल्याचा भाचा आला, जळगावला वकिली शिकणारा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळींना सूट आहे म्हणाला, श्रोत्यांकडून पैसे घेतले नाहीत तर. आम्ही घेतच नव्हतो. पण ढाबेवाला भरिताचे घेणार होता! आता माणसाने ताटाचे पैसे मोजले, तर ते वांग्याचे की गाण्याचे? भाचा म्हणाला, एरवी जो दर असतो त्याच दरात विका, म्हणजे वांग्याचे. ढाबेवाल्याने तर गाण्यासाठी म्हणून ताटामागे 20 रुपये आधीच वाढवले होते. कमी करायला तो तयार होईना. गाणं ऐकू नका म्हणून पाटी लावू, असं त्याचं म्हणणं. नानाचा सल्ला होता, गाणं चालू असताना कुणाला जेवू द्यायचं नाही. हा सल्ला भरिताच्या वासासमोर किती टिकला असता, ते नानाचं ताट बघितलेल्यांना माहीत आहे.

वाटाघाटी फिसकटल्या. जाता जाता भाच्याने सांगितलं, वरातीला आणि लग्नाच्या समारंभांना गाण्यांच्या हक्कांची सूट कायद्यातच लिहिली आहे. शिंपीकाकांच्या पुतण्याचं लग्न ठरलेलंच होतं. काका त्याच संध्याकाळी वाद्यांसकट आम्हाला घेऊन गेले. मुलाने पाया पडून पाणी दिलं आणि फार अदबीने सांगितलं, ‘‘काका, डीजे सांगितलाय. पण त्याच्या जनरेटरात डिझेल भरतात ना मध्ये, तेव्हा तुमची दोन गाणी बसतील.’’

सर म्हणाले, ‘‘दोन कशी बसतील? माझा आलापच तेवढा असतो.’’

नानाने विचारलं, जेवणात भरीत आहे का.