पायलीचे पन्नास: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या म्हणी आणि अनवट शब्दांवरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, हे सगळं मेलेलं आहे, त्याचं कौतुक म्हणजे निव्वळ स्मरणरंजन. दोन, जुन्या म्हणींत जातींची आणि बायकांची टिंगल ठासून भरलेली असते. तिचा आनंद कसला घ्यायचा?

पहिला आक्षेप मला मुळीच पटत नाही. वस्तू गेल्या, म्हणी कुठे गेल्या? 1957 साली दशमान नाणी आली, तरी आणा कधी न पाहिलेला माणूसही 'सोळा आणे खरं' म्हणतोच. 'असे पायलीचे पन्नास मिळतील' हे तर ऑफिसातही ऐकू येतं. पायली म्हणजे चार शेरांचं धान्याचं माप. पायलीभर जोंधळ्याला पन्नास नग, इतका स्वस्त माल, असा मी त्याचा अर्थ लावतो. तो डोळ्यांपुढे आला की टोमणा जास्तच झोंबतो. 'तोळामासा प्रकृती' घ्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सोनाराच्या काट्यावरची ही वजनं माणसाच्या तब्येतीला लावायचं कुणाला सुचलं असेल! मोल्सवर्थचा 1857चा मराठी-इंग्रजी कोश एका शब्दासाठी उघडावा आणि तिथेच रेंगाळावं, ते यासाठी. (आणि स्मरणरंजन म्हणाल, तर आणे-पै चालत होते तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. स्मरण कसलं?)

दुसरा आक्षेप खरा आहे. 'कुणब्यासारखा दाता नाही, कुटल्यावाचून देत नाही' ही म्हण मी कधी तोंडी आणणार नाही. वाचताना मात्र तिच्यापाशी थांबतो. कुणब्याच्या स्वभावाबद्दल ती काय सांगणार? दारात वसुलीला कोण उभा होता आणि तो काय करत होता, हे मात्र ती सांगून जाते. कुटणाऱ्यानेच ऐटीत दिलेली ही कबुली आहे, आणि तीही विनोद म्हणून. शाळेच्या पुस्तकात अशा म्हणी नकोत, हे मान्य. मुलांना पाठ करायला कशाला द्यायच्या? पण कोशातून त्या काढल्या, तर हा पुरावाही जाईल.

बायकांवरच्या म्हणी वाचताना जात्यावरच्या ओव्या शेजारी ठेवा, एवढंच सुचवेन. म्हणींत ज्यांची टिंगल होते, त्याच बायका तिथे सासरचं सगळं उणंदुणं काढताना भेटतात.