गुप्त मतदान इंग्लंडने दिलं? मुळीच नाही

‘गुप्त मतदान ही इंग्लंडची जगाला देणगी. पूर्वी लोक उघड मत देत, तेव्हा निवडणुका स्वच्छ होत्या. चिठ्ठी आली आणि लबाडी शिरली.’ हा मजकूर सध्या जोरात फिरतो आहे. त्यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी स्वच्छतेचं पाहू. उघड पद्धतीत मतदार अधिकाऱ्यासमोर उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगे आणि ते वहीत लिहिलं जाई. इंग्लंडमध्ये कित्येक ठिकाणी या वह्या छापून विकल्या जात. म्हणजे कुणी कुणाला मत दिलं हे जमीनदाराला, मालकाला, सावकाराला घरबसल्या कळे. ज्याने पैसे वाटले, दारू पाजली, त्याला आपल्या पैशाचं मत पडलं की नाही हे तिथल्या तिथे तपासता येई. कुळाने विरोधात मत दिलं तर जमीन जायची भीती. याला स्वच्छता म्हणायचं?

आता देणगीचं. इंग्लंडमध्ये चार्टिस्टांनी, म्हणजे मताधिकारासाठी लढणाऱ्या कामगार चळवळीने, 1838 मध्येच गुप्त मतदान मागितलं होतं. सत्ताधाऱ्यांनी ते दशकानुदशकं अडवलं. मत लपवणं इंग्रजी बाण्याला शोभत नाही, हा त्यांचा लाडका मुद्दा. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी मात्र वाट पाहिली नाही. व्हिक्टोरिया वसाहतीच्या विधिमंडळात डिसेंबर 1855 मध्ये सदस्य विल्यम निकोल्सन यांनी गुप्त मतदानाचा ठराव मांडला. सरकारचा विरोध असूनही तो मंजूर झाला आणि हेन्स मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुढे हेन्सच सत्तेवर परतले, पण गुप्त मतदान कायद्यात आलंच. त्याची कलमं वकील हेन्री चॅपमन यांनी लिहिली: मतपत्रिका सरकारने छापायची, मतदाराने आडोशाला जाऊन नको असलेली नावं खोडायची. 1856 मध्येच टास्मानिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियानेही गुप्त मतदान स्वीकारलं. पसंतीच्या नावासमोर फुली मारण्याची पद्धत दक्षिण ऑस्ट्रेलियातले निवडणूक अधिकारी विल्यम बूथबी यांची. अर्थात, या वसाहतींत स्त्रियांना तेव्हा मताचा हक्कच नव्हता, हेही विसरू नये.

इंग्लंडने कायदा केला 1872 मध्ये, तब्बल 16 वर्षांनी. अमेरिकेत ही पद्धत ‘ऑस्ट्रेलियन बॅलट’ म्हणूनच ओळखली गेली. श्रेय कुणाचं, हे त्या नावातच आहे.

राहिली चिठ्ठीमुळे शिरलेली लबाडी. ती आधीपासूनच होती आणि चिठ्ठीने ती एका फटक्यात संपलीही नाही. 1880 मध्ये इंग्लंडमधल्या सँडविच या गावच्या पोटनिवडणुकीत शेकडो मतदारांनी पैसे घेतले, काहींनी तर दोन्ही बाजूंकडून. म्हणूनच 1883 मध्ये ब्रिटिश संसदेला उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा घालणारा वेगळा कायदा करावा लागला.