एका घरात पाच खाती? आधी नियम तरी वाचा

‘शेतकऱ्याच्या घरात पाच खाती, वर्षाला साठ हजार घरबसल्या, वर वीज-खत फुकट आणि टॅक्स शून्य!’ हा मेसेज पुण्याच्या चुलतभावाने भावकीच्या ग्रुपवर टाकला. त्याच ग्रुपवर औशाकडचे आमचे अण्णा आहेत, अडीच एकर कोरडवाहूवाले. त्यांनी तो वाचला, म्हणून हे लिहायची वेळ आली.

पाच खात्यांचं आधी बघू, कारण सगळा मेसेज त्यावरच उभा आहे. पीएम-किसान, म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यात थेट पैसे टाकणारी केंद्राची योजना. तिच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. अशा एका कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे आणखी ६,०००. झाले १२,०००, म्हणजे घराला महिन्याला हजार. ‘सातबारा फोडून प्रत्येकाच्या नावावर करतात’ म्हणे. अरे, १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आली असेल तर वारसाहक्क सोडून पैसे मिळतच नाहीत! सज्ञान मुलाच्या नावावर त्याआधीपासून वेगळी जमीन असेल, तर त्याला हप्ता मिळतो. तेवढं मान्य.

आणि घरबसल्या? ई-केवायसीसाठी, म्हणजे हप्त्याआधी ओळख पटवायला, अण्णा सेवा केंद्रावर गेले, तर मशीन अंगठाच घेईना. खुरपं धरून रेषा झिजल्यात. बोट पुसून, तेल लावून, दुसरं बोट लावून बघितलं. हप्ता अडकला तो अडकलाच.

बोगस लाभार्थी आहेत, हे नाकारत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनेच संसदेत सांगितलं की ४२ लाखांहून अधिक अपात्र लोकांना जवळपास ३,००० कोटी रुपये गेले. पण त्यात आयकर भरणारेही होते. नियमाने त्यांना एक रुपयाही मिळायला नको होता. त्यांचा राग अण्णांवर कशाला?

वीज साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला माफ आहे, खरं आहे. ज्याच्याकडे विहीरच नाही त्याला त्याचं काय? खत फुकट नाही, डीएपीची गोणी १,३५० ला पडते. आयकर नाही, पण फवारणीच्या औषधावर १८ टक्के जीएसटी आहे. दुकानदार भरलेल्या जीएसटीची वजावट घेतो, शेतकऱ्याला ती सोय नाही.

उलट हिशेब कुणी मांडत नाही. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता. अण्णांनी अडतीवर ४,२०० च्या आसपास घातलं. क्विंटलमागे सातशे गेले. वीस क्विंटलला चौदा हजार, म्हणजे दोन्ही योजनांचे वर्षभराचे हप्ते मिळूनही भरून निघत नाहीत.

शेजारचं रान बटईने करणाऱ्याला तर हे हप्तेही नाहीत. पेरणी त्याची, कर्ज त्याचं, पण सातबाऱ्यावर नाव मालकाचं, म्हणून पैसे मालकाच्या खात्यात जातात. त्याच्याबद्दल त्या मेसेजमध्ये एक ओळ नाही.