दुसऱ्याची भाषा सुधारताना

साताऱ्या-सांगलीत राहून शुद्ध बोलता, म्हणजे तुमच्यावर जबाबदारी मोठी आहे. आजूबाजूला सगळे ‘गेलतो’, ‘काय करायलायस’ म्हणत हिंडत असताना तुम्ही गप्प बसणं बरं नव्हे. फक्त सुधारणेला हात कुठून घालायचा, एवढं नीट ठरवा.

मंडई उत्तम. “आत्ता पानी मारलंय, ताजी हाय बघा मेथी,” असं मावशी म्हणाल्या की “पानी नव्हे, पाणी” असं खणखणीत सांगावं. मागे गिऱ्हाईकं उभी असतात, श्रोते फुकट मिळतात. मावशी उलट बोलणार नाहीत. फार तर जुडी पाच रुपयांनी महाग होईल. सांगलीत हळदीचा सौदा चालू असेल, तर पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाला अडवून ‘न्हाय’ आणि ‘नाही’ यांतला फरक समजावावा. तो थांबला नाही, तर तो त्याचा उद्धटपणा.

बँकेतल्या साहेबांशी मात्र जपून. “लोन प्रोसेसमध्ये आहे, डॉक्युमेंट्स सबमिट केले की अप्रूव्ह करू,” हे ऐकून नुसती मान डोलवावी. कर्ज मंजूर व्हायचं असतं.

सांगलीकडची एखादी सून “मी आलो, मी जेवलो” म्हणाली, की तुमचा दसरा. “आले म्हण, आले!” हे चार माणसांतच सांगावं, एकटीला सांगून काय उपयोग? ‘आम्ही आलो’ म्हणताना पुण्या-मुंबईच्या बायकाही हेच रूप वापरतात, हे ठाऊक असलं तरी बोलू नये. असले फाटे फुटले की सुधारकाची पंचाईत होते.

नियमांचा हवाला द्यावाच, पण मोघम. साहित्य महामंडळाचे नियम 1962 साली आले, 1972 साली त्यांत भर पडली. ते शुद्धलेखनाचे आहेत, बोलण्याचे नाहीत, हे सहसा कोणी विचारत नाही. त्याआधी ‘नाहीं’, ‘कांहीं’ टिंबासकटच शुद्ध होते. तेव्हा आजोबांची जुनी पत्रं सापडली, तर लाल पेन घेऊन बसायला हरकत नाही. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी 1888 साली ‘वाक्यमीमांसा’ लिहिली, असं कोणी मध्येच काढलं तर लगेच पावसाचा विषय काढावा. व्याकरण आपल्याच गावाकडे पिकत होतं, हे मान्य करणं परवडत नाही.

इंग्रजीत तर रान मोकळं. ‘कझिन ब्रदर’ ऐकलं की मोठ्याने हसावं. चुलत, मामे, आते, मावस अशी चार घरं सांभाळणाऱ्या माणसाचं एकट्या ‘कझिन’वर भागत नाही, हे त्याचं दुखणं. ‘मीटिंग प्रीपोन झाली’ला नाक मुरडावं. हा शब्द ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, असं एखादं कार्टं मोबाईलवर दाखवायला लागलं तर चष्मा घरी राहिलाय म्हणावं.

पुण्याचे पाहुणे येणार असतील, त्या दिवशी सुधारणा बंद. त्यांना तुमच्या वाक्यावाक्यातला ‘की’ ऐकू येतो. “घ्या की, लाजताय काय!” असं तुम्ही म्हणालात आणि ते गालातल्या गालात हसले, तर कांदा-लसूण चटणीची बरणी त्यांच्याकडे सरकवावी आणि “घ्या की” म्हणून पुन्हा आग्रह करावा.